गाईच्या आडून

"या रानात माझ्या परवानगीशिवाय पिंगळा मानसुद्धा वळवत नाही, मॅडम," मी म्हणालो, आणि समोरच्या धावड्यावर बसलेला रानपिंगळा फांदीवरून खाली पडला.

उडाला नाही. झेपावला नाही. कैरी पडते तसा पडला.

डॉ. वर्तक मॅडमनी दुर्बीण खाली केली. "खुमकर, हा पडला का?"

"सूर मारला त्यानं, मॅडम. सरडा दिसला असेल."

"मग आता चालतोय का?"

पिंगळा खरंच चालत होता. एक पाऊल टाकायचा, उजव्या अंगाला कलंडायचा, सावरायचा, परत एक पाऊल. लग्नाच्या पंगतीत जास्त झालेला मामा मांडवाबाहेर जातो, अगदी तसा.

"कधी कधी चालतात ते," मी म्हणालो.

"खुमकर, त्याचा पट्टा घसरलाय."

मी पाहिलं. घसरला होता.

आता हा पट्टा म्हणजे काय, ते सांगतो. मेळघाटच्या पायथ्याला धामणदरी म्हणून गवळ्यांची वस्ती आहे. तिथल्या रानात मॅडमच्या संस्थेचा रानपिंगळा वाचवायचा प्रकल्प चालू होता आणि त्याचा तिथला माणूस म्हणजे मी. रानपिंगळा म्हणजे घुबडाच्या घरातलं धाकटं पाखरू. दिवसाढवळ्या शिकार करतं आणि जगात थोडंच उरलंय. ते कुठं जातं, काय खातं, हे कळल्याशिवाय वाचणार कसं? म्हणून आम्ही एका नराच्या पाठीवर चिंचोक्याएवढं यंत्र बांधलं होतं. दोन्ही पंखांखालून पट्टा घेऊन, शाळेतल्या पोराला दप्तर अडकवतात तसं. आता ते दप्तर पोटाखाली आलं होतं आणि पट्ट्यात एक पंख आणि एक पाय मिळून अडकला होता. म्हणजे त्याला वाचवायला जे बांधलं, तेच त्याला मारायला निघालं होतं.

आणि हा एकटा जीव नव्हता. पलीकडच्या सालईच्या ढोलीत त्याची मादी तीन पिल्लं पोटाशी घेऊन बसली होती. पिल्लं एवढी लहान असली की मादी ढोली सोडत नाही. सरडे, उंदीर, टोळ, सगळं नरानं आणायचं. नर बसला की घरातली चूल बंद.

"किती वेळ आहे आपल्याकडे?" मॅडमनी विचारलं.

"पिल्लं उद्याचा दिवस काढतील. परवाचं सांगता येत नाही."

मॅडमनी घड्याळ बघितलं. मग त्यांचा आवाज एकदम सभेतला झाला. "उद्या सकाळी दहाला पाटणकर साहेब येतायत. आपला प्रकल्प पुढं चालू ठेवायचा की नाही, हे ती समिती ठरवणार आणि समितीचे अध्यक्ष ते. त्याआधी हा पट्टा निघाला पाहिजे. आणि उद्या इथे एकही जनावर चरताना दिसता कामा नये. हे चराईमुक्त क्षेत्र आहे, असं मी त्यांना कळवलंय."

मॅडमच्या मागं एक म्हैस 'चराईमुक्त क्षेत्र' या पाटीच्या खांबाला पाठ घासत होती. मी मॅडमना बोलण्यात गुंतवून जीपकडं वळवलं.

दुपारपर्यंत मी तीन उपाय केले.

पहिला, पायी जाऊन धरायचा. चाळीस पावलांवर गेलो की पिंगळा फडफडत, कलंडत, आणखी पुढं जाऊन पडायचा. चार वेळा गेलो. प्रत्येक वेळी तो थोडा कमी लांब जायचा. आधी मला वाटलं, जमतंय. मग कळलं, दम संपतोय त्याचा. मी थांबलो.

दुसरा, मादीच्या हाकेची टेप लावून बोलवायचा. टेप लावली तर तिच्यातून आमच्या ड्रायव्हरच्या मेव्हण्याच्या वरातीचा बँड वाजायला लागला. ड्रायव्हरला कोरी कॅसेट मिळाली नव्हती म्हणे.

तिसरा उपाय म्हणजे जाळी. केसासारखी बारीक, विलायतेहून आलेली. पाखराला दिसत नाही अशी. म्हशीलाही दिसत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. म्हैस शिंगांवर जाळी घेऊन, नवरीसारखी खाली मान घालून नाल्याकडं निघून गेली.

"पाखरूसाहेब, माह्या म्हशीचं लगन लावून राह्यले काय?"

ही कौतिकबाई. त्या म्हशी तिच्या, पाटीला पाठ घासणारीही तिचीच. साठीची, काटक, कमरेला विळा, आणि जिभेला त्याहून जास्त धार. मॅडम आल्या की गुरं पलीकडच्या दरीत न्यायची आणि गेल्या की परत आणायची, असा आमचा दोघांचा न बोलता झालेला करार होता.

"हसू नका बाई. पाखरू मरायला टेकलंय."

ती हसायची थांबली. "कोन्तं? थे पिवय्या डोयाचं?"

"तेच. पिवळ्या डोळ्यांचं. माणूस दिसला की पळतं."

बोलता बोलता मी दुर्बिणीतून त्याला शोधत होतो. सापडला तेव्हा मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तो कौतिकबाईच्या गाईच्या पुढच्या पायाशी बसला होता. गाय चरत पुढं सरकली की गवतातून टोळ उडायचे आणि हा पडल्यापडल्या मान लांबवून एखादा चोचीत धरायचा. गाईचं शेपूट त्याच्या डोक्यावरून गेलं तरी हलला नाही. टोळ धरला की ढोलीच्या दिशेनं बघायचा, उडायला जायचा आणि कलंडायचा. तरी टोळ सोडत नव्हता.

गाईला भीत नाही. मग माणसाला गाईआड लपवता येईल.

हे मला सुचलं, यात माझी काही हुशारी नाही. गायपारधी म्हणजे काय, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत असतं. गाईला हळूहळू चरत पुढं न्यायचं, तिच्या आडून वाकून चालायचं, आणि तितराला कळायच्या आत त्याच्यावर फास टाकायचा. पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. आता बंद झालेली, कायद्यानंही आणि आमच्या मॅडमच्या जनजागृतीनंही.

मी विश्रामगृहावर जाऊन मॅडमना हे सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्याच.

"पारधी? घरट्याजवळ? खुमकर, उद्या मी अध्यक्षांना काय सांगू, की आम्ही शिकारी बोलावला?"

"तसं नाही मॅडम, ती माणसं..."

"विषय संपला."

विषय संपला म्हणून मी मोटारसायकल काढली आणि थेट हिम्मत सोळंकेच्या दारात गेलो.

हिम्मत सोळंके जातीनं पारधी आणि धंद्यानं विमा एजंट. पांढरा शर्ट, काळा गॉगल, अंगाला अत्तर. तालुक्यात असा माणूस उरला नव्हता, ज्याला त्यानं मरणाची भीती घातली नव्हती. मला बघून तो पायरीवरूनच म्हणाला, "या साहेब! शेवटी पटलं ना? जंगलात हिंडता, साप हाये, अस्वल हाये. मागं कोनाले ठेवून जासान?"

"हिम्मतभाऊ, विमा नको. गाय चालवता येते तुम्हाला? गाईच्या आडून?"

त्यानं गॉगल काढला. घरात बघितलं, रस्त्याकडं बघितलं, दार ओढून घेतलं.

"कोन पाठवलं तुमाले?"

"कोणी नाही."

"मी विमा इकतो साहेब. थे सगळं बापाच्या संगं गेलं."

मी त्याला पिंगळ्याची गोष्ट सांगितली. पट्टा, पिल्लं, तोंडातला टोळ, सगळी. तो लक्ष नसल्यासारखा पावतीपुस्तकं चाळत होता. सांगून झालं तरी चाळतच राहिला. मी उठलो. पायरी उतरलो.

"गाईच्या कोन्त्या अंगाले बसते थो?" मागनं आवाज आला.

"उजव्या."

"मंग डाव्या अंगानं न्या लागन तिले. वारा कुठचा हाये?" मग स्वतःवरच चिडल्यासारखा म्हणाला, "हे पाहा, माही एकच अट हाये. काम झालं की त्या तुमच्या जीपमधी मी पुढच्या शिटावर बसीन. अन् जंगल खात्याच्या नाक्यावरून भाईर येईन. दिवसाउजेडी."

"बस्स?"

"बस्स."

मी लगेच हो म्हणालो. जीप माझी नव्हती, शीट माझी नव्हती, होकार तेवढा माझा होता. अट मला गमतीचीच वाटली. हौस असेल, म्हटलं.

सकाळी गुरं सुटायच्या वेळेला आम्ही तिघं रानात होतो. मी, हिम्मत, आणि कौतिकबाईची तांबडी गाय कपिला. खरं म्हणजे चौघं, कारण कौतिकबाई हटेना.

"माही गाय माह्याबिगर पाऊल टाकत नाई," ती म्हणाली.

"बाई, गाईमागं एक मानूस लपते," हिम्मत म्हणाला. "लय झालं तं दोन. तीन मानसं लपवाले हत्ती लागते."

"मंग तू नको येऊ."

हिम्मतनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

"गाय शिकवाले किती दिवस लागतात, हिम्मतभाऊ?" मी विषय बदलला.

"माह्या बापाले दोन वर्सं लागले."

"आणि ही?"

"हे आत्ता शिकन. जाता जाता."

पिंगळा आदल्या दिवशीच्याच जागी होता. सालईच्या अलीकडं एका दगडावर, मान खांद्यात घालून. पिसं फुगलेली. डोळे अर्धे मिटलेले. ढोलीच्या तोंडाशी मादी येऊन बसली होती. तिनं हाक दिली. त्यानं मान वर केली, उत्तर दिलं नाही. मधे सपाट उघडं रान, लपायला झुडूपसुद्धा नाही.

निघालो. हिम्मत गाईच्या खांद्याशी, मी पोटाशी, कौतिकबाई मांडीशी, तिघंही कमरेतून वाकलेले. हिम्मतचा एक हात गाईच्या वशिंडावर, दुसऱ्या हातात अंगातून काढलेला पांढरा शर्ट. "फास नाई," तो म्हणाला होता, "मोडल्या पंखाले फास चालत नाई. कापडच पाह्यजे." बनियनवर तो एकदम म्हातारा दिसायला लागला होता.

"पाय तिच्या पायासंगं टाका," तो कुजबुजला. "तिचा उचलला की आपला. पाखराले पाय मोजता येत नाई, पन चाल समजते."

कपिलानं चार पावलं टाकली आणि मुतायला उभी राहिली. मी तिच्या पोटाशी होतो, हे सांगितलंच आहे. दुर्बीण त्यात गेली.

"हलू नका," हिम्मत म्हणाला.

हलणार कुठं होतो?

मग ती चालली. थांबली. चरली. परत चालली. अर्धा रस्ता कापायला इतका वेळ लागला की माझी पाठ आपली राहिली नव्हती. शेपटीचा गोंडा दर थोड्या वेळानं कौतिकबाईच्या तोंडावर बसायचा आणि ती दात आवळून गाईला हळू आवाजात शिव्या द्यायची. त्या शिव्या गाईला मानवायच्या. ती दोन पावलं पुढं सरकायची.

एकदा कपिला जी थांबली ती हलेचना. रवंथ करायला लागली. पिंगळा आणखी दहा-बारा पावलं लांब. त्याचा डोळा मिटला. उघडला. परत मिटला.

"मरतो का तो?" मी विचारलं.

"बोलू नका. किंवा बोला, पन गाईसारखं हळू." हिम्मत वशिंडावर बोटानं हलकं हलकं टकटक करत होता. गाय ढिम्म.

नुसतं थांबून मला धीर निघेना. मी पुटपुटलो, "पुढच्याच शिटावर काहून बसायचं, हिम्मतभाऊ?"

बराच वेळ टकटक चालू राहिली.

"जंगल खात्याच्या असल्याच जीपच्या मागं बसलो हाये मी एकदा," तो गाईच्या खांद्याला सांगितल्यासारखं म्हणाला. "बापासंगं. हात बांधून. नाक्यावर थांबवली तवा आख्खा बजार पाहाले जमला होता."

"शिकार करताना सापडलात?"

"तितर नोता आमच्यापाशी. फासबी नोता. नुसती गाय होती, चारून राह्यलो होतो. जंगलवाले म्हने, पारध्याची गाय जंगलात चराले येतच नाई."

मागनं कौतिकबाईच्या शिव्या बंद झाल्या होत्या.

"अन् गाय?" तिनं विचारलं.

"कोंडवाड्यात. मंग लिलाव. कोन नेली, काय मालूम."

कौतिकबाईनं हात पुढं करून कपिलाच्या पोटावरून फिरवला आणि जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. कपिला चालायला लागली.

आठ पावलं. सहा. मला आता पिंगळ्याच्या छातीवरचे पट्टे दिसत होते, पंखात रुतलेला पट्टा दिसत होता, पट्ट्याखाली वाळलेलं रक्त दिसत होतं. चोचीत कालचाच टोळ होता की आजचा, देव जाणे, पण होता. हिम्मतनं शर्ट दोन्ही हातांत पसरला. तो श्वासही घेत नव्हता. चार पावलं.

आणि तेवढ्यात जीप आली.

दहाला येणारी जीप नऊच्या आधीच आली. उन्हाआधी पोहोचू, असं पाटणकर साहेबांनी ठरवलं होतं. कडेच्या गाडीवाटेवर जीप थांबली. मॅडम खाली उतरल्या. त्यांना तिथनं काय दिसलं असेल? चराईमुक्त क्षेत्राच्या मधोमध, घरट्याच्या झाडाखाली, अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर एक गाय. आम्ही तिच्या आड. आम्ही दिसत नव्हतो, म्हणजे हिम्मतची विद्या उत्तम होती.

"हाकला तिला! हॉर्न वाजवा!"

ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. त्याचा हॉर्न साधा नव्हता, ट्रकचा बसवलेला होता, तीन सुरांचा.

पुढचं सगळं एकदमच झालं. कपिलानं मागचे दोन्ही पाय झाडले, त्यातला एक माझ्या मांडीला लागला आणि मी आडवा झालो. कौतिकबाई गाईच्या शेपटीला धरून तिच्यामागं पळाली. पिंगळा दगडावरून उडायला उठला, आणि हिम्मत, पन्नाशीचा विमा एजंट, बनियनवर, दोन्ही हात पसरून त्याच्यावर पडला.

हॉर्न थांबला.

हिम्मत गुडघ्यावर उठला. हातात शर्टाचं गाठोडं. गाठोडं हललं.

"हाये," तो म्हणाला. "जित्ता हाये."

मॅडम आणि पाटणकर साहेब तोवर जवळ आले होते. साहेब उंच, गोरे, डोक्यावर टोपी, हातात काठी. त्यांनी बनियनवरच्या माणसाकडं पाहिलं, गाठोड्याकडं पाहिलं, पळत्या गाईकडं पाहिलं. रानातली माणसं त्यांना नवी नव्हती. सगळं एका नजरेत ओळखलं त्यांनी.

"पारधी आहे हा," ते म्हणाले. "गाईआडची शिकार. डॉक्टर, तुमच्या घरट्याजवळ?"

मॅडम एक पाऊल मागं सरकल्या. आणि मी बघितलं, त्यांना वाट सापडली होती. नुसतं 'हो' म्हणायचं. पंख मोडला तो शिकाऱ्यानं. पट्टा ओढला तो शिकाऱ्यानं. प्रकल्प वाचला. त्यांचं तोंड उघडलंसुद्धा.

हिम्मत त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो जीपकडं बघत होता. मागच्या बाजूला. त्याच्या हातातलं गाठोडं आता कमी हलत होतं.

"ड्रायव्हर, धरा याला," साहेब म्हणाले.

ड्रायव्हर पुढं आला. हिम्मत उठला नाही. पळालाही नाही. त्यानं फक्त गाठोडं छातीशी धरलं, कुणी हिसकावून दाबू नये म्हणून.

मी जमिनीवरूनच ओरडलो, "साहेब, ते आमचे तज्ज्ञ आहेत!"

"कोण?"

"सोळंके साहेब. पक्षी हाताळणीचे तज्ज्ञ. मॅडमनी खास बोलावलंय त्यांना. पक्षी अडकलाय पट्ट्यात, आमच्याच पट्ट्यात, आणि आत्ता कापला नाही तर हाही जाईल आणि ढोलीतली तीनही जातील."

आमच्याच पट्ट्यात, हे तोंडातून निघून गेलं. मॅडमनी डोळे मिटले.

"तज्ज्ञ बनियनवर असतात?" साहेबांनी विचारलं.

"शर्टात पक्षी आहे, साहेब."

"आणि गाय?"

"सर्वेक्षणाची गाय आहे."

साहेब मॅडमकडं वळले. "डॉक्टर, खरं आहे हे?"

ढोलीतून पिल्लांचा आवाज येत होता, शेंगदाणे भाजताना कढईत तडतडतात तसा, बारीक. मॅडमनी तिकडं बघितलं. मग हिम्मतच्या हातांकडं. त्यानं गाठोडं जरासं उकललं होतं. आतून एक पिवळा डोळा बाहेर बघत होता, आणि तो मिटत चालला होता.

"हो," मॅडम म्हणाल्या. आवाज सभेतला नव्हता. "पट्टा आमचाच आहे. आणि हे... हे आमचे सल्लागार. खुमकर, कात्री!"

कात्री माझ्या पिशवीत होती. पिशवी कपिलाच्या शिंगात होती. कपिला दरीत होती.

"हे घ्या." कौतिकबाई धापा टाकत परत आली होती. तिनं कमरेचा विळा काढून दिला.

हिम्मतनं पाखराचे पाय दोन बोटांत धरले, पंख तळहातानं अंगाशी दाबला. मॅडमनी विळ्याचं टोक पट्ट्याखाली सारलं. टोक दोनदा निसटलं.

"घाबरू नका बाई," हिम्मत म्हणाला. "मी धरलो हाये. वर ओढा, तुमच्याकडं. हां. आस्ते."

पट्टा तुटला. यंत्र गवतात पडलं. हिम्मतनं पंख उलगडून बघितला, मिटवला, परत उलगडला. "हाड साबूत हाये." त्यानं तळहात जमिनीला लावून उघडला.

पिंगळा बसूनच राहिला. आम्ही सहा जण वाकून त्याच्याकडं बघतोय आणि तो बसलेला. मादीनं हाक दिली. काही नाही. परत दिली. तो उठला, हिम्मतचा अंगठा चांगला रक्त येईपर्यंत चावला, आणि उडाला. जरा वाकडा, पण उडाला. धावड्यावर बसला, शेपूट डावीउजवीकडं झटकली, खाली झेपावला, आणि चोचीत सरडा घेऊन ढोलीच्या तोंडाशी गेला. सरडा आत गेला. तडतड एकदम वाढली.

पाटणकर साहेबांनी टोपी काढली. "सल्लागार साहेब," ते हिम्मतला म्हणाले, "शेवटची चार पावलं तुम्ही श्वास रोखून काढली असतील. आणि आम्ही हॉर्न वाजवला."

हिम्मत शर्ट झटकत होता. "साहेब, तुमचं वय काय? विमा हाये का?"

जीपकडं परत गेलो. दार उघडायच्या आधी मी मॅडमना बाजूला घेऊन अट सांगितली. त्या पुढं गेल्या आणि पुढचं दार स्वतः उघडून धरलं. हिम्मतनं शर्टाची बटणं लावली, गॉगल घातला आणि बसला. पाटणकर साहेब, मॅडम, मी आणि माझी सुजलेली मांडी मागं. मॅडमनी उचललेलं यंत्र त्यांच्या पर्समध्ये होतं आणि माझ्या मांडीवरचा, त्या यंत्राचा माग काढणारा रिसीव्हर दर सेकंदाला टिकटिक करत सांगत होता की पिंगळा इथंच, अगदी जवळ आहे. तो बंद कसा करायचा, हे त्या धांदलीत मला आठवेना.

नाक्यावर बाजाराचा दिवस होता. माणसं होती. गार्ड खुर्चीतून उठला, फाटक वर केलं, आणि सवयीप्रमाणं पुढच्या शिटाला कडक सलाम ठोकला.

हिम्मतनं हात किंचित वर केला. गॉगल काढला नाही. नाका मागं पडल्यावर बराच वेळ त्यानं विम्याचं नावही काढलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पिल्लं तिन्ही जगली, आणि प्रकल्पही. महिन्याभरानं ती ढोलीबाहेर पडली तेव्हा मी तिथं होतो, आणि कौतिकबाई विश्रामगृहावर द्यायची ताकाची बादली घेऊन सालईखाली टेकली होती. पहिलं पिल्लू ढोलीच्या काठावर आलं, दोनदा वाकलं, झेपावलं, आणि सरळ त्या ताकाच्या बादलीत पडलं. कौतिकबाईनं ते बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि धावड्याच्या खोडावर ठेवलं. मग ताक फडक्यातून गाळून घेतलं आणि विश्रामगृहावर पाठवून दिलं. मॅडमनी दोन ग्लास घेतले.